कुंकू म्हणून आलेला डाग

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले. त्या लोकांपैकी दहा जणांनीसुद्धा माझं तोंड पाहिलेलं नसेल. याबद्दल माझी तक्रार नाही. पडद्यामागचं टेबल मीच मागून घेतलं होतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो, आणि घामेजल्या हाताने रेशीम धरू नये.

आमची लाँड्री येरवड्यात, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. मालक रफीकभाई. त्यांच्या आजोबांपासून हाच धंदा, आणि त्यांची मराठी आमच्या गल्लीतल्या कुणाहीपेक्षा स्वच्छ. पुढे काउंटरवर ते, मध्ये पडदा, मागे मी, वाफेची इस्त्री आणि बाटल्यांची फळी. पडद्याला एक भोक होतं. त्यातून मला गिऱ्हाईक दिसायचं, गिऱ्हाइकाला मी दिसायची नाही. माणसं बघायला तेवढी जागा पुरते. बहुतेकांच्या बाबतीत जास्तच होते.

आता गुडघ्यांनी संप केला म्हणून घरी बसले आहे. जुन्या पावतीपुस्तकांच्या पाठी कोऱ्या आहेत, त्यावर लिहिते. कोणाला दाखवायचं नाही, म्हणजे कोणाची भीड ठेवायचंही कारण नाही.

लोकांना वाटतं, डाग काढायचा म्हणजे जोरात घासायचं. घासून साडीला भोक पाडतात आणि मग आमच्याकडे आणतात. खरं काम घासण्याआधीचं असतं. डाग समोर आला की एकच गोष्ट विचारायची: सांडलेली वस्तू कपड्यावर नुसती बसली आहे, की तिचं दुसरंच काही झालं आहे? मेणबत्तीचं मेण सांडलं तर ते मेणच राहतं. बर्फ लावून कडक करायचं, नखाने सुटतं. उरलेल्यावर कागद ठेवून गरम इस्त्री फिरवली की वितळून कागदात येतं. चिखलाला तर काहीच करायचं नसतं. वाळू द्यायचा आणि झटकायचा. पण एवढा धीर कोणाला नसतो, ओल्या चिखलावर हात फिरवून तो पार धाग्यात बसवतात.

इस्त्री लागून शर्टावर तपकिरी पान उमटलं, तर तिथे डाग नसतोच. तिथलं कापडच जळून दुसरं काहीतरी झालेलं असतं. ते काढलं तर खाली उजेड दिसेल. रक्ताचंही तसंच. ताजं रक्त गार पाण्यात निघून जातं. पण शिकलेली माणसं त्यावर कढत पाणी ओततात, जंतू मरावेत म्हणून. उकडलेलं अंडं परत पातळ करून दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. तेच त्या डागाचं होतं. मग आणतात आणि म्हणतात, "जरा बघा ना." मी बघायची. बघितल्याने जात नाही.

एकदा रफीकभाईंच्या नातीचं विज्ञानाचं पुस्तक काउंटरवर राहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी ते वाचलं. तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं जे ओळखत होते त्याला नावं आहेत. मेण वितळतं तो भौतिक बदल, कापड जळतं तो रासायनिक. पहिल्यात वस्तू तीच राहते, दुसऱ्यात नवी होते. इथपर्यंत मला पटलं. पुढे लिहिलं होतं की भौतिक बदल उलटवता येतो आणि रासायनिक येत नाही. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात स्वेटर धुतलेला नाही.

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घुसळला की आटतो. लोकर लोकरच राहते, नवं काही तयार होत नाही, पण धागे एकमेकांत असे गुंततात की सोडवणारा जन्माला यायचाय. हिंजवडीला कंपनीत जाणारा एक तरुण असाच स्वेटर घेऊन आला होता. आईने विणलेला.

"काका, हे श्रिंक झालंय. थोडं स्ट्रेच करून द्याल?"

"कशात धुतला?" रफीकभाईंनी विचारलं.

"मशीनमध्ये. साठ डिग्रीला."

रफीकभाईंनी स्वेटर त्याच्या छातीला लावून पाहिला. जेमतेम बरगड्यांपर्यंत आला. "लहान भाऊ आहे का तुम्हाला?"

"नाही."

"मग लग्न करा. मुलाला होईल."

तो रागावून गेला. स्वेटर मात्र ठेवून गेला. आईचा स्वेटर लाँड्रीत टाकून जाणाऱ्याला लोकर काय कळणार? मी तो बरेच दिवस फळीवर ठेवला होता.

दुसरे एक वयस्कर गृहस्थ शाल धुवायला टाकून गेले ते आठ महिन्यांनी उगवले. शाल धुवून पिशवीत बांधली होती, आणि त्यांच्याच सांगण्यावरून आत डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या. गोळ्या त्यांनी स्वतः आणून दिल्या होत्या, मोजून सहा. पिशवी सोडून पाहिली तर एकही गोळी नाही.

"गाठ तशीच आहे आणि गोळ्या नाहीत," ते म्हणाले. "याचा अर्थ काय घ्यायचा आम्ही?"

"उडाल्या," रफीकभाई म्हणाले.

"गोळ्या आहेत का चिमण्या?"

"हवेत विरतात त्या, साहेब. वितळत नाहीत, ओघळत नाहीत, सरळ वास होऊन जातात. शाल नाकाला लावून बघा."

त्यांनी शाल हुंगली. मग घडी घालत म्हणाले, "वास आहे. माल नाही." आणि सहा गोळ्या आमच्या नावावर मांडूनच पायरी उतरले असणार. पुण्यात माणसाला सृष्टीचा नियम मान्य असतो, फक्त दुकानदाराने सांगितलेला नसावा.

पण मी लिहायला बसले ते या गमतींसाठी नाही. एका साडीसाठी बसले.

ती साडी घेऊन आलेल्या बाईंना मी मॅडमच म्हणते. त्या वाघोलीकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. आमच्या जुन्या गिऱ्हाईक. कपडे देताना डाग कशाचा हे स्वतःच सांगायच्या, डॉक्टरकडे जाऊन आजाराचं नावही आपणच सांगणारे असतात तशा. त्या दिवशी आल्या तेव्हा हातात मोतिया रंगाची रेशमी साडी होती, आणि मागे पायरीवर एक बाई खाली मान घालून उभी होती.

"पदरावर कुंकवाचा डाग आहे," मॅडम म्हणाल्या. "पावतीवर तसं स्पष्ट लिहा. कुंकवाचा."

"पाहून लिहितो, मॅडम."

"पाहायचंय काय त्यात? लाल आहे. आणि कुंकू कुणाचं तेही सोबत आणलंय." त्यांनी पायरीकडे हात केला. "आमच्याकडे कामाला होती, सुनंदा. घरात कोणी नसताना माझी साडी नेसून बघितली बाईसाहेबांनी. कपाळ पदराला लागलं. विचारलं तर कानांवर हात."

सुनंदाच्या कपाळावर खरंच मोठं, ओलं कुंकू होतं. "नाही हो नेसले मी," ती म्हणाली. "बाथरूममध्ये दांडीवर ओली होती, ती गॅलरीत वाळत घातली. तेवढंच."

"बघा. हात लावल्याचं कबूल करते."

"अगं बाई, ओली साडी वाळत घालू नको तर काय करू?"

"तू मला अगं म्हणू नकोस."

मग पुढचं कळलं ते मॅडमच्याच तोंडून. त्यांच्या सोसायटीत सुनंदाची चार घरं होती, मॅडमचं धरून. मॅडमनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं की ही बाई कपाटं उघडते, सावध राहा. संध्याकाळपर्यंत बाकीच्या तिन्ही घरांनी काम थांबवलं, आणि सकाळी गेटवरच्या वॉचमनने तिला आत सोडलं नाही, मोबाईलमधल्या कामवाल्यांच्या यादीतून तिचं नाव काढल्याचं सांगितलं. फक्त एका घराने ग्रुपवर विचारलं होतं, पुरावा काय? तो पुरावा म्हणजे आमची पावती. तिचा फोटो ग्रुपवर जायचा होता. लाँड्रीवाल्याने कुंकू लिहिलं की विषय मिटला.

हे सगळं ऐकत मी आत बसून होते. रफीकभाई साडी घेऊन आत आले आणि टेबलावर पदर पसरला. मला हातसुद्धा लावावा लागला नाही. बाजारच्या कुंकवाचा लाल रंग वेगळा असतो, गुलाबीकडे झुकणारा, आणि त्याचे बारीक कण विणीत अडकलेले दिसतात. हा डाग विटकरी होता, सपाट, आणि त्याच्याभोवती पाणी वाळल्याची कड होती. कडेला साबणाचा वास.

"हळद आहे," मी हळूच म्हणाले. "साबण लागून लाल झालेली."

"नक्की?"

"नक्की."

रफीकभाई बाहेर गेले. "मॅडम, आमच्या मते हा हळदीचा डाग आहे."

मॅडम हसल्या. "मला सांगता? साबणाने हळद लाल होते हे मी मुलांना प्रॅक्टिकलला दाखवते. हळदीचा कागद करून घेते मी त्यांच्याकडून. हळद असती तर मला कळली नसती?"

यावर रफीकभाईंनी मान डोलावली. शिकवणाऱ्या बाईंपुढे माणूस मान डोलावतोच. त्यांनी पावतीपुस्तक ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. आणि मी आतच बसून राहिले. माझं म्हणणं मी सांगितलं होतं, आता बाहेरचं बाहेरच्यांनी बघावं, असं मनाशी म्हणत होते. भोकातून सुनंदा दिसत होती. ती काउंटरकडे बघतच नव्हती. आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती. चूक केलेली माणसं इकडेतिकडे बघतात. जिचं ऐकूनच घेतलेलं नसतं, ती खाली बघते. मला हे माहीत होतं, मी स्वतः जन्मभर खालीच बघत आलेली. तरी मी उठले नाही. रफीकभाईंनी तारीख घातली, नाव घातलं, 'रेशमी साडी, एक' लिहिलं, तेव्हा कुठे उठले. तेवढा वेळ मी का बसून राहिले याची मला आजही लाज वाटते.

लिंबूफुलाच्या आंबट पाण्याची बाटली आणि साडी घेऊन मी पडद्याबाहेर आले. मॅडम माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू भिंत चालत आली.

"ह्या कोण?"

"मंदाताई," रफीकभाई म्हणाले. "तुमचे सगळे डाग ह्याच काढतात. मला इस्त्रीसुद्धा धड येत नाही."

बोलायचं असतं तर तोंड उघडलं नसतं, एवढं मला माझं माहीत आहे. कापसाचा बोळा आंबट पाण्यात बुडवला आणि डागाच्या कडेला टेकवला. लाल होतं ते पिवळं झालं. मग साबणाचं बोट लावलं. पिवळं होतं ते लाल झालं. पुन्हा आंबट, पुन्हा पिवळं. पुस्तकातला तो नियम इथेही फसतो. हळदीचा रंग बदलला, नवं काही झालं, तरी दहा वेळा पुढे नेता येतं आणि दहा वेळा मागे आणता येतं.

मॅडम म्हणाल्या, "याने काही सिद्ध होत नाही. कुंकू हळदीचंच करतात. हळदीला चुन्यासारखा खार लावूनच लाल करतात ते. ते आंबटाने पिवळं होणारच."

मान्य करायला हवं, बाई हुशार होत्या. चुकीच्या बाजूने उभं राहायलाही अभ्यास लागतो. रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुनंदाकडे पाहिलं. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा तिच्यापुढे धरला आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावून दाखवलं. तिला लगेच कळलं. तिने कुंकवाला बोट टेकवलं, तुकड्यावर ठसा उमटवला. मी त्यावर आंबट पाणी सोडलं. ठसा पसरला, पण लालच राहिला. आणखी सोडलं. लालच. दहा रुपयांच्या कुंकवात हळद कुठून येणार? नुसता रंग.

तुकडा आणि पदर मी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. एक लाल, एक पिवळा.

"पदराला साबण कोणी लावला?" रफीकभाईंनी विचारलं.

"जरा मळका वाटला म्हणून मीच लावला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी."

"आणि ही साडी कुणाच्या हळदीला नेसला होतात का?"

"पुतणीच्या." मग घाईने, "पण मी लांब उभी होते."

"लांब उभं राहणाऱ्यांनाच हळद जास्त लागते, मॅडम. त्यांना पकडून लावतात."

सुनंदाच्या तोंडून हसू फुटलं. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं नाही. पदराची घडी करत म्हणाल्या, "ठीक आहे. पण निघेल ना? रविवारी मुलाचं रिसेप्शन आहे, हीच नेसायची ठरलीय."

ठीक आहे! एका बाईची चार घरं गेली, ती पायरीवर उभी आहे, आणि ह्यांचं ठीक आहे. माझ्या तळहातांना घाम सुटला. तरी मी साडी ओढून माझ्याकडे घेतली.

"निघेल," मी म्हणाले. "आधी ग्रुपवर लिहा."

"काय?"

"तिचं नाव जसं घालवलंत तसं परत आणा. मग साडी."

"तुम्ही मला अट घालताय?"

रफीकभाई पावतीवर 'हळदीचा डाग' लिहून ती फाडत म्हणाले, "मॅडम, साडी त्यांच्या हातात आहे. तुमच्या जागी मी असतो तर लिहिलं असतं."

मॅडमनी मोबाईल काढला, अंगठ्याने टपटप केलं आणि म्हणाल्या, "झालं."

"वाचून दाखवा," मी म्हणाले.

"'साडीबाबत गैरसमज झाला होता. विषय संपला.'"

गैरसमज झाला होता. पाऊस झाला होता, तसा. कोणी केला नाही, कोणाचा नाही, आपला झाला. शिकलेल्या माणसांना हे वाक्य कोण शिकवतं कोण जाणे, सगळ्यांना येतं.

"कोणाचा झाला होता?" मी विचारलं.

"ते लोकांना कळतं."

"वॉचमनला कळलं पाहिजे."

त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. 'डाग हळदीचा होता' हे पटकन झालं. 'साबण मीच लावला होता' याला वेळ लागला. 'सुनंदाने साडी नेसली नव्हती' याच्या आधी त्या एकदा रस्त्याकडे बघून आल्या. शेवटचे दोन शब्द होते 'चूक माझी', आणि त्या दोन शब्दांना लागला तेवढा वेळ मला त्यांचा अख्खा पदर साफ करायला लागला नाही.

पुढचं काम सोपं होतं. डाग आंबटाने पिवळा करून घेतला, गार पाण्याने धुतला, सौम्य औषधाचा हात दिला, आणि बाकी साडी काळ्या चादरीखाली झाकून डाग तेवढा उन्हाला लावला. हळदीला ऊन सोसत नाही. रेशमालाही नाही, म्हणून शेजारी बसून राहावं लागतं. साडी टाकून चहाला गेलं की डागाबरोबर रंगही जातो.

शनिवारी मॅडम साडी न्यायला आल्या. पदर उजेडात धरून उलटासुलटा पाहिला, काही सापडलं नाही. मी पडद्यामागेच होते, पण त्या पडदा बाजूला करून आत डोकावल्या.

"तुमचं शिक्षण किती झालंय हो?"

"चौथी."

"वाटत नाही."

तुमचंही वाटत नाही, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. एका आठवड्यात दोनदा बोलायची मला सवय नाही. पण आता लिहिते आहे तर लिहून टाकते: वाटत नाही.

वॉचमनने सुनंदाचं नाव परत घातलं. दोन घरांनी लगेच बोलावलं. त्यांतलं एक पुरावा विचारणारं. तिसऱ्या घराने तोवर भांडी धुण्याचं मशीन मागवलं होतं, आणि मशीन परत घेत नाहीत म्हणाले. मॅडमनीही निरोप पाठवला की सोमवारपासून ये. सुनंदा दुकानात येऊन मला विचारू लागली, जाऊ का? मी म्हणाले, मी असते तर गेले नसते. ती म्हणाली, "ताई, तुमच्या हातात बाटली असते. माझ्या हातात घरंच आहेत, आणि त्यातलं एक आधीच मशीनने नेलं." आणि ती गेली. मला राग आला. तो तिचा आला की मॅडमचा, की तिसऱ्या घराचा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

महिन्याभराने भेटली तेव्हा विचारलं, "कशा वागतात आता?"

"अहो सुनंदाताई म्हणतात मला. चहा आधी देतात, भांडी मग." ती पदराने घाम टिपत म्हणाली, "पण खरं सांगू? त्या इतक्या गोड बोलायला लागल्या ना, की मला धडकी भरते. वाटतं, परत कशावर तरी डाग पडलाय आणि मला अजून सांगितलेलं नाही."